बोलता यावं, पण गाता येऊ नये

तीर्थरूप ताईस,

तुझ्या भुंग्याचा आधी उभ्यानं, मग चालता चालता आणि शेवटी जराशी धाप लागल्यावर केलेला नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे दरवेळी लिहितो तसं उगाच लिहिलेलं नाही, या खेपेला खुशालीचा पुरावा आहे आणि तो पुढे सविस्तर येणार आहे. तुझी तब्येत कशी आहे हे मात्र मी विचारत नाही. फोनवर विचारलं की तू "मी बरी आहे" म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस, आणि ठेवल्याचा आवाजही असा ठणठणीत येतो की पुढे बोलायची सोयच राहत नाही. म्हणून पत्र. पत्र मध्येच ठेवता येत नाही. (येतं, पण तू ठेवणार नाहीस. जिनं सगळी नोकरी पायी फिरून लोकांच्या दारात टपाल टाकण्यात घालवली, ती बाई आलेलं पत्र अर्धं वाचून बाजूला ठेवील यावर माझा तरी विश्वास नाही.)

भाचीनं मला सगळं कळवलंय. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. दाजी गेल्यापासून तू त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसतेस ती जेवायला उठतेस आणि जेवून पुन्हा तिथंच बसतेस. फाटकाबाहेर पाऊल नाही. परवा तिनं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चल म्हटलं, तर म्हणालीस, "आता माझं चालून झालं." ताई, हे ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (हे खोटं आहे. उतरतो. तुझी भावजय इथंच बसली आहे आणि तिनं माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. पण अडकत अडकत उतरतो, हे तिलाही कबूल करावं लागेल.) असो. हे पत्र त्याबद्दल नाहीच. हे पत्र माझ्याबद्दल आहे. मला एक एवढी मोठी गोष्ट कळली आहे की ती कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय. हाताखालच्या रंगाऱ्यांना सांगून झाली, शेजाऱ्यांना सांगून झाली, किराणावाल्याला तर दोनदा सांगून झाली. आता तेवढी तूच राहिलीस.

तर झालं असं. मी मुकादम झालो हे तुला ठाऊक आहेच. मुकादम म्हणजे ज्यानं स्वतः रंगवायचं नाही आणि दुसऱ्यानं कसं चुकीचं रंगवलं ते बसून सांगायचं. त्यासाठी मला हातांची एक खुर्चीही मिळाली. जन्मभर लोखंडी जाळ्या, फाटकं आणि पाण्याच्या टाक्या रंगवून झाल्यावर हक्काची खुर्ची मिळणं म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको. मी बसलो. बसलो तो बसलोच. हळूहळू असं व्हायला लागलं की उठावंसंच वाटेना. सकाळी उठल्यावर थकवा, झोपताना थकवा, आणि मध्ये थकवा आल्याचा थकवा. (परवा टाकीच्या शिडीवर पार वरच्या पायरीवर उभा असताना हेच माझ्या मनात आलं होतं. म्हणजे देखरेखीसाठी चढलो होतो. रोज चढत नाही.) शेवटी तुझ्या भावजयीनं मला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई वयानं अगदी लहान, चष्मा मोठा, आणि समजावून सांगायची अशी हौस की औषधाच्या चिठ्ठीच्या मागे चित्रं काढून दाखवतात. त्या म्हणाल्या, आपण श्वासावाटे जो ऑक्सिजन आत घेतो त्याच्या जोरावर शरीर शक्ती तयार करतं, पण ते काम चालू असताना त्यातला थोडा ऑक्सिजन उनाड कण होऊन सुटतो. हे उनाड कण दिसेल त्या पेशीला ओरखडे काढत हिंडतात. त्यांना आवरणारी माणसं शरीरानं ठेवलेली असतात, ती पुरेशी असतात तोवर ठीक. पण माणूस नुसता बसून राहिला की आवरणारे सुस्तावतात, उनाडांचं फावतं, आणि शरीराच्या आत ताण वाढत जातो. त्याला म्हणतात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. मी म्हटलं, बाई, मराठीत सांगा. त्या म्हणाल्या, ढोबळपणे सांगायचं तर शरीराला आतून गंज चढतो.

ताई, गंज! आता गंज म्हटल्यावर मी पुढचं कशाला ऐकतोय? माझ्या नखात गंज आहे. इतर रोगांबद्दल माणसानं डॉक्टरांचं ऐकावं, पण गंजाबद्दल डॉक्टरांनी माझं ऐकायला हवं, असं माझं त्या घटकेला ठाम मत झालं. त्या बिचाऱ्या पुढे काहीतरी "रोज", "बेतानं" असं सांगत होत्या, पण मी मान डोलावत मनातल्या मनात कामाला लागलोसुद्धा होतो. आपल्या धंद्यातला पहिला धडा काय? लोखंडाला हवा लागू द्यायची नाही, पाणी लागू द्यायचं नाही, आणि रंग वाळेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. झालं तर मग!

घरी आलो आणि आधी सगळ्या खिडक्या लावल्या. हवा आत येता कामा नये. मग श्वासावर नजर टाकली. विचार केला, गंज जर ऑक्सिजनचा, तर माणूस लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त श्वास घेतो, ही शुद्ध उधळपट्टी आहे. म्हणून मी छोटे छोटे श्वास घ्यायला लागलो, आणि तेही आठवण झाली तर. पाणी जवळजवळ बंद केलं. गुडघ्यांना शिवणयंत्राचं तेल चोळलं. आणि मग अजिबात हालचाल न करता, नुकता रंगाचा हात मारलेल्या दारासारखा, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. तुझी भावजय बाहेरून आली तेव्हा म्हणे मी निळसर दिसत होतो. (मी तिला म्हटलं, निळसर नाही, राखाडीत थोडा निळा मिसळला की होतो तो. रंगाच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.) त्यावर तिनं भराभर खिडक्या उघडल्या, मला तांब्याभर पाणी पाजलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तिनं झाला प्रकार सांगितला. मग बाई सावकाश म्हणाल्या, त्यांना सांगा, श्वास घेणं चालू ठेवायचंय.

त्यानंतर जेवणाचा टप्पा आला. कुठूनसं तुझ्या भावजयीच्या कानावर आलं की गडद रंगाच्या भाज्या आणि फळं या उनाडांना आवर घालतात. मग काय, आमचं ताट म्हणजे रंगाच्या कंपनीचं शेड कार्ड झालं. बीट, गाजर, लाल कोबी, काळी द्राक्षं. मला सोयीचं होतं, कारण मला जेवताना नुसता रंग ओळखायचा होता. पण मी कसला थांबतोय. भाजीनं एक हात बसतो तर गोळ्यांनी दुसरा हात बसेल, म्हणून भलीमोठी बरणी भरून गोळ्या आणल्या. त्याही डॉक्टरीणबाईंनी काढून घेतल्या. म्हणाल्या, भाज्या खा, पोटभर खा, पण गोळ्यांचा असा मारा करू नका. व्यायामानं शरीर आपली स्वतःची माणसं तयार करतं, आणि बाहेरून खूप मदत आली की ते ती तयार करायचा कंटाळा करतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. मग चष्मा पुसत म्हणाल्या, आणि व्यायाम तर तुम्ही अजून सुरूच केलेला नाही. हे बाकी खरं होतं.

एक सांगतो ताई. यातलं काहीही मी दुसऱ्या कुणाला करायला लावलं नाही. आपल्या धंद्याची रीत तुला माहीत आहे. नवा रंग गिऱ्हाइकाच्या दर्शनी भिंतीवर थेट कधी मारायचा नसतो. आधी आडबाजूला, कपाटामागे कुठेतरी हातभर पट्टा मारायचा, वाळू द्यायचा, फुगला नाही आणि सोलला नाही तरच पुढे जायचं. तेवढी अक्कल मी राखली होती. बाकीची कुठे गेली होती विचारू नकोस.

मग व्यायाम. व्यायाम म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. आमच्या घरामागे एक बाग आहे आणि बागेला वळसा घालून एक रस्ता जातो. तिथं रोज सकाळी एक गृहस्थ चालतात. त्यांचं नाव मला माहीत नाही, पण त्यांचे बूट इतके पांढरे असतात की आम्ही घरात त्यांना पांढरे बूट असंच म्हणतो. वय माझ्याहून सहज दहा वर्षांनी जास्त. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मागे टाकलं, आणि टाकताना "या, या" म्हणाले. ताई, तो "या, या" माझ्या जिव्हारी लागला. मी पळालो. मी त्यांना गाठलं, मागे टाकलं, आणि मागे टाकल्याचं त्यांना नीट दिसावं म्हणून आणखी एक फेरी मारून पुन्हा एकदा मागे टाकलं. त्यानंतर बागेच्या कुंपणाला धरून मी जे उभा राहिलो, ते पांढऱ्या बुटांनीच मला घरी आणून पोचवलं. येताना बीट आणायला म्हणून घेतलेली माझी पिशवीही वाटेत त्यांनीच धरली. दुसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना. मी एकेका पायरीवर बसत बसत उतरलो, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला वाटेतच काही हवंय का म्हणून विचारलं.

डॉक्टरीणबाई या वेळी खरोखर चिडल्या. म्हणाल्या, नुसतं बसून गंज चढतो तसा सवय नसताना असं एकदम अंगावर घेतल्यानंही चढतो. एवढे उनाड एका दमात सुटले की आवरणारे कमीच पडणार. मी म्हटलं, बाई, आता तुम्हीच ठरवा, बसलं तरी गंज, पळालं तरी गंज, मग माणसानं करायचं काय? तेव्हा त्यांनी चिठ्ठी उलटी केली, पुन्हा चित्र काढलं, आणि या खेपेला मी शेवटपर्यंत ऐकलं.

ताई, आता नीट वाच, कारण हेच ते. रोज बेतानं चाललं की थोडेसेच उनाड सुटतात. थोडेसेच, म्हणजे शरीराला जाग येण्यापुरते. शरीर म्हणतं, अरे, हे उनाड रोजच यायला लागले, चार माणसं वाढवून ठेवूया. मग ते स्वतःच आवरणारे वाढवतं, मोडलेलं दुरुस्त करायला लागतं, आणि असं काही आठवडे नेमानं चालू राहिलं की एरवी बसल्या जागीही गंज कमी चढतो. म्हणजे थोडा गंजच गंजाला अडवतो! हे ऐकून मी खुर्चीतून उडालोच. बाई घाबरल्या, त्यांना वाटलं माझ्या पायात गोळा आला. अगं, लोखंडावर पहिला हात आपण कशाचा मारतो? रेड ऑक्साइडचा. आणि त्यात ती तांबडी भुकटी कसली असते? लोखंडाच्या गंजाचीच! जन्मभर मी गंजावर गंजाचा हात मारत आलो आणि स्वतःच्या अंगाची वेळ आली तेव्हा खिडक्या लावून उभा राहिलो. एकच फरक आहे. आमच्या धंद्यात घासलं की रंग पातळ होतो आणि शरीरात रोज थोडं घासलं की तो जाड होतो. हे सांगताना मला इतका आनंद होतोय की अक्षर बिघडलंय, तेवढं सांभाळून घे.

आता बेतानं म्हणजे किती, हा प्रश्न राहिला. त्यावर बाईंनी एक सोपी खूण सांगितली. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. गाता आलं तर तुम्ही रमतगमत चाललाय, बोलताही येईना तर तुम्ही पांढऱ्या बुटांच्या मागे लागलाय. मी ही खूण मनावर घेतली. दुसऱ्या दिवशी बागेच्या रस्त्यावर, दर वळणाला, मी गाऊन बघायला लागलो. एक ओळ सुरेल आली की वेग वाढवायचा, आणि आवाज फाटला की समजायचं, जमलं. पण यात एक अडचण होती, ती आधी लक्षात आली नाही. सुरेल आलेली ओळ मी लगेच थांबवायचो आणि फाटलेला आवाज तेवढा जोरात निघायचा, त्यामुळे रस्त्यावरच्या लोकांना माझं फक्त बिघडलेलं गाणंच ऐकू यायचं. खिडक्या लागायला लागल्या. शाळेच्या फाटकावरचा पहारेकरी धावत आला आणि कुठे लागलं का म्हणून विचारू लागला. पांढऱ्या बुटांनी तर दुसऱ्या दिवसापासून उलट्या दिशेनं फेरी सुरू केली. शेवटी तुझी भावजय म्हणाली, गाणं पुरे, मी तुमच्याबरोबर येते आणि तुम्ही नुसतं बोला.

ती बोलणी, ताई! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही असं सलग कधी बोललोच नव्हतो. घरात बोलायला लागलं की कुकरची शिट्टी होते, नाहीतर दार वाजतं. चालताना काही वाजत नाही. तिला माझ्या कामाबद्दल काय वाटतं, ते मला बागेच्या तिसऱ्या वळणावर कळलं. (ते इथं लिहिण्यासारखं नाही.) आमच्या झोपायच्या खोलीचा रंग तिला पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही, हेही कळलं. आणि हे सगळं चालू असताना पाय आपले चालत होते. थकवा कधी गेला ते समजलंसुद्धा नाही. सकाळी उठल्यावर आता अंग हलकं असतं. जिना मी माणसासारखा चढतो. पांढरे बूट पुन्हा आमच्याच दिशेनं चालायला लागले आहेत, आणि आता ते "या, या" म्हणाले की मी "चला, चला" म्हणतो आणि मुळीच पळत नाही.

एक शेवटची गोष्ट सांगतो आणि मग पुरे करतो. गेल्या आठवड्यात कापडगिरणीचं काम होतं. त्यांना दोन फाटकं आहेत, एकाच मापाची. काही वर्षांपूर्वी आम्हीच एकाच दिवशी, एकाच डब्यातून रंगवलेली. पुढच्या फाटकातून रोज माणसं जातात येतात, मागचं तेव्हापासून बंद आहे. लांबून बघितलं तर मागचं नवं कोरं वाटत होतं, रंगाला चरा नाही. मी म्हटलं, हे राहू दे, आधी पुढचं घ्या. मग सहज म्हणून मागच्याला हात लावला, तर ते हलेना. आम्ही चौघं लागलो तरी हलेना. बिजागऱ्या आतून गंजून पार धरलेल्या. पुढचं फाटक ओरखड्यांनी भरलेलं, कडेला रंग उडालेला, पण एका बोटानं उघडत होतं. ताई, मी त्या मागच्या फाटकापुढे बराच वेळ उभा होतो, आणि मला तुझा फोनवरचा "मी बरी आहे" ऐकू येत होता. मला भीती वाटली. लहानपणी मला शाळेत सोडायला तू चालायचीस आणि तुझं चालणं गाठायला मला पळावं लागायचं. तेव्हा मी सगळ्या वाटेवर बडबड करायचो म्हणून तू मला भुंगा नाव ठेवलंस. त्या चालण्याचं "झालं" असं तू म्हणावंस, हे मला चालणार नाही. त्या फाटकाचं म्हणशील, तर आम्ही तेल घातलं, थोडं थोडं हलवत राहिलो, आणि संध्याकाळपर्यंत ते उघडलं.

भाचीला आशीर्वाद. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला माझा नमस्कार सांग, म्हणजे तू स्वतः जाऊन सांग.

तुझाच,
भुंगा

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. तुझ्या भावजयीला चालण्यात आता माझ्यापेक्षा बरी सोबत मिळाली आहे, शिवणवर्गातल्या बायका. तिचं म्हणणं, सगळ्या फेरीत मीच बोलतो आणि तिच्या फुप्फुसांना कामच राहत नाही. म्हणजे बोलायला माणूस नाही, आणि बोलल्याशिवाय माझा वेग बरोबर आहे की नाही ते कळत नाही. माझी तब्येत धोक्यात आहे, ताई. तेव्हा मी सकाळी चालायला निघालो की तुला फोन करणार. तू तुझ्या रस्त्यावर चालायचं, मी माझ्या, आणि दोघांनी बोलायचं. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत आलीस तरी चालेल. मग टपालपेटीपर्यंत, तिची वाट तुला कुणी दाखवायला नको. तुझ्या त्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल तेवढं तुझ्या डॉक्टरांना विचारून घे. आणि खुर्चीत बसून हो हो करशील असं मनातही आणू नकोस. बसलेल्या माणसाचा आवाज मला आता ओळखता येतो. हे तू माझ्यासाठी करायचं आहेस, तुझ्यासाठी नाही.

ता. क. (दुसऱ्या अक्षरात) वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. वाचू नकोस असं बजावलं होतं म्हणून पुन्हा एकदा वाचलं. त्यांचं ते खुर्चीचं सगळं खोटं आहे. मुकादम झाल्यावर मिळालेल्या खुर्चीवर रंगाचे डबे ठेवलेत, हे स्वतः अजून दिवसभर रंगवत परांचीवरच असतात. थकवाबिकवा काही नव्हता. डॉक्टरीणबाईंकडे मी यांना धरून नेलं नाही, यांनी मला सोबतीला नेलं. काय होतंय म्हणून बाईंनी विचारलं तर म्हणाले, मला काही नाही हो, माझी थोरली बहीण खुर्चीतून उठत नाही, तिला आत काय होत असेल ते सांगा, आणि ती उठली तर पुन्हा नीट होतं का तेवढं सांगा. बाई म्हणाल्या, हळूहळू घेतलं तर बरंच होतं. त्यावर हे तिथंच रडले. पुढचा सगळा खुळेपणा कशाला करताय म्हणून मी रागावले, तेव्हा म्हणाले, ताईच्या अंगावर काही मारायचं तर आधी माझ्या अंगावर पट्टा मारून बघायला नको का?

वन्सं, पट्टा वाळलाय. फुगला नाही, सोलला नाही. आता फोन वाजला की चपला घालूनच उचला.